आधी हसवायचं, मग मागायचं

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावात आम्ही भाषाशास्त्राचे विद्यार्थी शुक्रवारी दुपारी एकमेकांची प्रेझेंटेशन्स ऐकतो. त्या दिवशी पाळी होती नायजेरियातल्या कानो शहरातून आलेल्या माझ्या मित्राची. विषय, तिकडची हौसा भाषा बोलणारे भिकारी माणसाला कसं वळवतात. तो म्हणाला, आमच्याकडचा मुरलेला भिकारी ‘द्या’ असं आधी म्हणतच नाही. आधी आशीर्वाद देतो. देव तुझा प्रवास सुखाचा करो, तुझ्या आईला आयुष्य देवो. ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘आमीन’ निघतं, आणि एकदा आमीन म्हटल्यावर हात झटकून जायचं कसं?

मी तर जाम खूश! शेजारी बसलेला पुण्याचा मुलगा मात्र मराठीत पुटपुटला, “भिकाऱ्यांवर पीएचडी! धन्य आहे यार.”

माझं डोकंच सणकलं. माझे आजोबा बहुरूपी. पोलिसाचा वेष करून दारोदार जायचे, खोटी दमदाटी करून लोकांना हसवायचे आणि मग पसाभर धान्य मागायचे. लहानपणी मला सगळं करून दाखवायचे. बाबा शिकले, मास्तर झाले. मला एअरपोर्टवर सोडताना म्हणाले होते, “तिकडे आपली माणसं भेटतील. आजोबांचं काढू नकोस.” मी कधी काढलंही नव्हतं.

त्या दिवशी उठलेच. पुणेकरासमोर छाती काढून उभी राहिले आणि गरजले, “काय हो पाव्हणं! मांजर व्याली, सरकारात वर्दी दिली का? बायको माहेरी गेली, परवाना काढला का? चला, वॉरंट हाय!” तो दचकला, मग फिस्सकन हसला. मी हात पुढे केला, तर पठ्ठ्याने स्वतःचं चॉकलेट माझ्या हातावर ठेवलं! मग मी सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं, ही माझ्या आजोबांची विद्या, ते भिक्षा मागायचे. इतका अभिमान मला इथं ॲडमिशन मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बाबांचं एअरपोर्टवरचं बोलणं आठवलं. बाबांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

“बाबा, रागावलात?”

“वॉरंटवरच थांबलीस?” ते म्हणाले. “अगं वेडे, खरी गंमत तर त्याच्यापुढे आहे.” आणि आमच्यासमोर उभ्या जन्मात न उच्चारलेले ते बोल बाबा खड्या आवाजात म्हणायला लागले. मागून आई ओरडली, “अहो, खिडक्या उघड्या आहेत! शेजारी ऐकतील!”

“ऐकू देत,” बाबा म्हणाले.