पायातली सळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. तुम्ही आमच्या म्हसवडचे नाही, एवढं कारण पुरे असावं.

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कंबर गेली होती. सारा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. रानात लांडग्याला काठीने हुसकून लावलेला. भ्यालेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. सांगलीच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला. कमरेचा चांदीचा करगोटा उतरवावा लागला, तेव्हा "मेल्यावर काढत्यात ह्यो," एवढंच पुटपुटले आणि माझ्या हातात दिला.

तोवर ठीक होतं. टेबल आत सरकलं, ठकठक सुरू झाली — कुणी रिकामा पत्रा बडवावा तशी, बाहेरच्या बाकावरही ऐकू येत होती — आणि आबांनी घाबरलं तर दाबायला म्हणून हातात दिलेला रबरी फुगा दाबला. दाबतच राहिले. मशीन थांबवलं. टेक्निशियन मुलगी दारात आली. म्हणाली, बाबा फार घाबरलेत, तुम्ही आत येऊन त्यांचे पाय धरून उभे राहा, म्हणजे होईल. तुमच्या अंगात कुठे लोखंड नाही ना?

साधा प्रश्न होता. उत्तर 'नाही' असं होतं.

मी म्हणालो, पायात सळी आहे.

का? आबांना तसं भ्यालेलं मला बघवलं नसतं, अशी मी पुढे स्वतःची समजूत घातली. ती खोटी आहे. मला त्या खोलीची भीती वाटली — बस्स. मुलीने वॉर्डातल्या मावशींना बोलावलं. माझ्या बापाचे पाय एका परक्या बाईने धरले.

दार उघडं होतं, आबांनी सगळं ऐकलं होतं. बाहेर आल्यावर पहिलं माझंच विचारलं. "कवा घातली रं सळी? कंच्या पायात?" तेव्हाच सांगून टाकायचं की नाही? मी म्हणालो, डाव्या. पुण्याला असताना गाडीवरून पडलो होतो. त्यांचे डोळे भरून आले. "आन आमाला कळवलं बी न्हाईस? आमी काय मेलो हुतो व्हय?"

झालं. तेव्हापासून पेंडीचं पोतं ते मला उचलू देत नाहीत. स्वतः उचलतात — त्याच कमरेने, डॉक्टरांनी ओणवं व्हायचं नाही म्हणून बजावलेलं असताना. माझ्या पायासाठी सिद्धनाथाला नवस बोललेत. थंडीत पायाला तेल चोळतात. वण काही सापडत नाही, तर म्हणतात, "डाक्टर लय हुशार म्हनायचा, वण बी ठिवला न्हाई." यांना कळलं तर नसेल? विचारायची हिंमत नाही. आणि डावाच पाय पुढे करायला मी एकदाही चुकलेलो नाही.

गेल्या महिन्यात कंबर पार बसली. पुन्हा सांगली, पुन्हा तेच मशीन. या वेळी आत जायचंच, असं मी घरून ठरवून निघालो होतो. मुलगी दुसरी होती. ती आबांना आत न्यायला लागली तेव्हा त्यांनी दाराची चौकट धरून ठेवली — मी उठलो. तिने काही विचारायच्या आतच आबा तिला म्हणाले, "बाई, त्याला आत बोलवू नगा. त्याच्या पायात लोखंड हाय. मी ऱ्हातो एकला."

मी खाली बसलो.