गुलाबी ठैरा क्या?

फळ साठवलं की त्यातलं जीवनसत्त्व दिवसेंदिवस कमी होतं, हे मोजण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पण आमच्या प्रयोगशाळेतले किस्से उन्हात ठेवा, तांब्याच्या भांड्यात ठेवा, कितीही जणांना हाताळू द्या, कमी म्हणून होत नाहीत. उलट दर बैठकीला वाढतात! परवा चिक्कडपल्लीच्या घरी नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्ही ऑफिसात एक्झॅक्टली करायचात काय?" म्हटलं, "आवळे पिळायचो." तो हसला. पण खरं तेच होतं.

निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं तेव्हाची गोष्ट. तारनाक्याच्या पलीकडे एका सरकारी फळबागेत पत्र्याच्या छपराखाली आमची लॅब होती. मुनीर साहेब प्रमुख. व्यंकट रेड्डीकडे बाग, माझ्याकडे बाटल्या. झाड कुठे वाढलं आणि फळ कुठे ठेवलं, यावरून त्यातलं 'क' जीवनसत्त्व किती बदलतं, ते शोधायचं. रीत सोपी. रस काढायचा आणि त्यात निळ्या औषधाचे थेंब सोडायचे. आंबट रसात पडताच थेंब गुलाबी होतो आणि लगेच नाहीसा होतो, कारण जीवनसत्त्व त्याला खाऊन टाकतं. ते संपलं की गुलाबी टिकतो. जितके जास्त थेंब लागले तितकं जीवनसत्त्व जास्त.

मुनीर साहेब एरवी अशी उर्दू बोलत की ऐकणाऱ्याने शेरवानीची बटणं लावावीत. पण रस पिळला की शेजारच्या खोलीतून चक्क दख्खनी हाक यायची, "ठैरा क्या?"

आम्ही ओरडायचो, "नै ठैरा, साब!"

असं दिवसभर. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, आत कोणाकडे पाहुणा आलाय आणि तो राहायला तयार नाही.

* * *

आमचं सायन्स सगळं उर्दूतून झालेलं. व्हिटॅमिनला आम्ही 'हयातीन' म्हणायचो, हयात म्हणजे आयुष्य त्यावरून. आणि 'क' जीवनसत्त्व म्हणजे 'हयातीन जीम'. आता उर्दूतल्या जीम या अक्षराच्या पोटात एक नुक्ता असतो. तो ठिपका द्यायचा राहिला की जीमचा 'हे' होतो. घाईत एका रिपोर्टात माझा नुक्ता राहिला.

मुनीर साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, चहा मागवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मुबारक हो! दुनिया जीमपर अटकी है, आणि आपल्या देसपांडेंनी नया हयातीन दरियाफ़्त किया!"

मी लाजून आभार मानले. मग रिपोर्ट हातात आला. पुढे कितीतरी दिवस रेड्डी मला, तेलुगूत पंतांना मारतात तशी हाक मारून, विचारायचा, "पंतुलुगारू, आज काय नवीन शोधलंत?"

* * *

हा रेड्डी वारंगलकडच्या शेतकरी घराण्यातला, शेतकीचा पदवीधर आणि माझा जिवलग भांडखोर मित्र. एकदा एकाच झाडाचे पेरू आम्ही दोघांनी तपासले आणि आकडे काही जुळेनात. त्याचे कायम जास्त. तो म्हणे माझा हात हलतो, मी म्हणे त्याचे डोळे हलतात. प्रकरण साहेबांपर्यंत गेलं.

साहेबांनी एवढंच विचारलं, "पेरू तोडले कुठून?"

मी खालच्या फांद्यांवरचे, सावलीतले तोडले होते. रेड्डी शेंड्यावर चढून उन्हातले काढायचा. उन्हात वाढलेल्या फळात हे जीवनसत्त्व जास्त भरतं, दोघांचेही आकडे बरोबर होते. साहेब खूश झाले. म्हणाले, "तुम दोनों का झगड़ा भी काम की चीज़ है. आठवड्यातून एकदा करत जा."

आम्ही ती शिस्त निवृत्त होईपर्यंत पाळली.

* * *

आमच्या पत्र्याखाली आवळे उकडून निघायचे. एका मोसमात साहेब म्हणाले, थोडे आवळे घरी गार जागेत ठेव, मग दोन्ही तपासून पाहू. मी काचीगुड्याच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात टोपली ठेवली. वर साहेबांच्या वळणदार उर्दूत चिठ्ठी, 'हाथ न लगाया जाए.'

आमच्या कमलला उर्दू येत नव्हती. मी तपासायला म्हणून टोपली शोधतो, तर बरणी!

"अहो, इतके सुरेख आवळे आणलेत, म्हटलं वाया जायला नकोत."

बरणी घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो तेव्हा नोकरी गेलीच असं धरून चाललो होतो. साहेबांनी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले. "नमक ठीक है. सैंपल सैंपल होता है, देसपांडे. टेस्ट करो."

लोणच्याचा रस काढला, औषध सोडायला घेतलं. पलीकडून हाक आली, "ठैरा क्या?"

रेड्डी बरणीकडे बघत ओरडला, "साब, ये तो शुरू सेच लाल है!"

* * *

मुनीर साहेबांच्या आईंना आम्ही सगळे बडी अम्मा म्हणायचो. त्यांचा आवळ्याचा मुरब्बा नात्यागोत्यात गाजलेला. साहेबांनी एकदा तो तपासला. पहिलाच थेंब, आणि गुलाबी टिकला! म्हणजे मुरब्ब्यात जीवनसत्त्व नावालाही नाही. कारण उघड होतं. बडी अम्मांच्या तांब्याच्या देगेची, म्हणजे मोठ्या पातेल्याची, कलई उडालेली, आणि तांबं म्हणजे या जीवनसत्त्वाचा वैरी. पण आईला हे सांगायचं कोणी? साहेबांनी मला पाठवलं.

मी पडद्याबाहेर उभा राहून चाचरत सगळं सांगितलं. आतून आवाज आला, "मुनीर कू बोलो, मुरब्बे में हयातीन नै रैती, मुरव्वत रैती!"

मुरव्वत म्हणजे माया. मी ते तसंच्या तसं साहेबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी देग कलईवाल्याकडे गेली, आणि आम्हा सगळ्यांच्या घरी मुरब्ब्याचा एकेक वाडगा आला.

* * *

आता हा किस्सा सांगताना मी हसतो, पण तेव्हा हसू नव्हतं.

दिल्लीत झेंडा लागून बरेच महिने झाले होते, आमच्याकडे मात्र रझाकारांचा जोर होता. आमच्या गल्लीतली निम्मी बिऱ्हाडं सोलापूर-नागपूरकडे निघून गेली. कमलचे दिवस भरत आलेले, तिला गाडीत घालून न्यायची सोय नव्हती. साहेबांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनीच विचारलं, "देसपांडे, आजकाल तुझे हात का कापतात?" आणि त्याच संध्याकाळी बागेतलं फळांचं कोठार आमच्यासाठी रिकामं करून दिलं. दगडी भिंती, जमिनीत अर्धं गाडलेलं, काळोख, गारवा. आवळ्यांसाठी बांधलेलं, पण बाळंतिणीलाही चाललं असतं.

एका दुपारी बंदुका घेतलेली माणसं फाटकात आली. कोठाराकडे बोट दाखवून एकाने विचारलं, "अंदर क्या है?"

साहेब पांढऱ्या कोटात दारासमोर उभे. आपल्या सर्वांत शुद्ध उर्दूत म्हणाले, "हयातीन."

"वो क्या होता?"

"ज़िंदगी की चीज़ है. दरवाज़ा खुला, धूप अंदर गई, कि ज़ाया. फिर सरकार को जवाब आप दीजिए."

माणसं एकमेकांकडे बघत राहिली आणि निघून गेली. आत कमलने पदर तोंडात कोंबला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच कोठारात आमची मुलगी झाली. सुईण बडी अम्मांनीच आणली. पाळण्यातलं नाव आम्ही सुमन ठेवलं, पण बडी अम्मा तिला हयातीनच म्हणायच्या.

असे उपकार फिटत नाहीत. फेडायचेही नसतात, नुसते सांगत राहायचे असतात. म्हणून सांगतो.

* * *

मग सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि राज्य बदललं. बाहेरून एक नवे अधिकारी पाहणीला आले. दारावरची उर्दू पाटी त्यांना वाचता येईना. कोणीतरी वाचून दाखवली, 'शोबा-ए-हयातीन', म्हणजे जीवनसत्त्व विभाग.

त्यांनी विचारलं, "ये हयातीन साहब कहाँ बैठते हैं?"

रेड्डी हात जोडून म्हणाला, "साब, वो आँवले में बैठते!"

मुनीर साहेब त्या दिवशी खूप हसले. कितीतरी आठवड्यांनी आम्ही त्यांना हसताना पाहिलं.

* * *

कारण आता हात कापत होते ते साहेबांचे. नातलग एकेक करून कराचीला निघाले होते. धाकटे भाऊ रोज येऊन सांगायचे, इथे आता आपलं काय राहिलं? बडी अम्मा ठाम होत्या. "मेरा मुरब्बा अभी पका नै. मैं नै आती." शेवटी ठरलं, आधी भावाबरोबर साहेबांनी जायचं, तिकडे बस्तान बसवायचं आणि मग आईला न्यायचं. काचीगुड्याहून मनमाडची गाडी, तिथून मुंबई, पुढे बोट. जा म्हणवत नव्हतं आणि राहा म्हणायला आम्ही कोण?

निघायच्या सकाळी साहेब लॅबमध्ये येऊन फक्त एवढं म्हणाले, "वाळूतल्या आवळ्यांचं आज शेवटचं रीडिंग आहे. तुम लोग ले लेना." हे आवळे आम्ही त्याच कोठारात ओल्या वाळूत साठवले होते. साहेबांचा सगळ्यात लाडका प्रयोग.

आता पंचाईत अशी की निळं औषध बाटलीच्या तळाशी आलेलं. नव्या राजवटीत मागणीवर सही कोणी करायची हेच ठरलं नव्हतं. चुकलं तर पुन्हा करता येणार नव्हतं. आणि आम्ही दोघं लागलो भांडायला! रेड्डी म्हणे गुलाबी टिकला, मी म्हणे विरतोय.

रेड्डी म्हणाला, "पंतुलुगारू, चला. ज्याचा प्रयोग त्याने सांगावं."

चंबूला काळं फडकं गुंडाळलं, उजेड लागू नये म्हणून. रेड्डी सायकलवर पुढे, मी मागे चंबू छातीशी धरून आणि औषधाची बाटली खिशात. काचीगुडा येईपर्यंत त्याने एकदाही ब्रेक लावला नाही.

साहेब डब्यात खिडकीशी बसले होते. आम्हाला पाहून कडाडले, "ये क्या हरकत है? स्टेशन की धूल में टाइट्रेशन?" मग फडक्याकडे लक्ष गेलं. "कपड़ा काला लाए? अच्छा किया." डब्यात उजेड कमी होता, म्हणून खाली उतरले.

ड्रॉपर हातात घेतला. एक थेंब. गुलाबी आला, गेला. आणखी एक. आला, रेंगाळला, गेला.

गार्डची शिट्टी झाली. भाऊ दारातून ओरडले, "भाईजान, चढ़ो!"

"एक मिनट. देसपांडे, हिलाओ मत."

आणखी एक थेंब. गाडी हलली. भाऊ दांड्याला धरून हाका मारत होते, हमाल बाजूला सरकत होते, डबे एकामागून एक आमच्या शेजारून चालले होते. साहेबांनी मान वर केली नाही. चंबू उचलून आभाळासमोर धरला आणि बघत राहिले. शेवटचा डबा गेला आणि फलाट एकदम शांत झाला.

इतक्या वर्षांत हा प्रश्न साहेबांनीच विचारायचा, अशी आमची रीत. त्या दिवशी रेड्डीने विचारला.

"ठैरा क्या, साब?"

साहेबांनी डोळे पुसले, चंबू पुन्हा एकदा उजेडात फिरवून पाहिला.

"हौ, रेड्डी. ठैर गया."