सांक नदीच्या खड्यांत मिसळलेला अश्मा

तक्रारदार: धंदा अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणे, वय पन्नाशीच्या अलीकडे, बसण्याची जागा गोरखी वाड्याजवळील कडुनिंब, राहणार शिंद्यांची छावणी, लष्कर, ग्वाल्हेर. शिक्षण मराठी चौथी. पुढील सर्व विद्या स्वकष्टार्जित. मयत: तक्रारदाराची पत्नी, माहेर कोकणात, समुद्रालगत. घटनेचा दिवस: तिचा दहावा, वैशाखातील. ठिकाण: सांक नदीचा खड्यांचा काठ. साक्षीदार: पत्नीचा धाकटा भाऊ व आमचे गुरुजी. उभयतांची नावे देत नाही, कारण दोघेही निर्दोष आहेत. तिचे नाव लिहावयास घेतले असता हात चालत नाही, म्हणून तेही नाही.

त्या काठाची हकीकत प्रथम सांगणे जरूर आहे. टांगा शेवटच्या वस्तीशी सोडावा लागतो. पुढे उजाड माळ, आणि तो माळ एकाएकी तुटतो. तेथून खैराची मुळे धरून, काही ठिकाणी चक्क बसून घसरत, खाली जावे लागते. तळाशी नदी वळण घेते आणि वळणाच्या पोटात राखी रंगाचे गोल, गुळगुळीत खडे पसरलेले आहेत. माणूस नाही, देऊळ नाही, वाळूसुद्धा नाही.

पत्नीला मी तेथे एकदाच नेले होते. लग्न होऊन ती इकडे आली तेव्हापासून तिचा एकच टोमणा असे, “तुमच्या संस्थानात सगळं आहे हो, समुद्र तेवढा सरकारनं बांधायचा ठेवलाय.” त्या दिवशी मात्र ती खाली उतरली आणि पाय पाण्यात सोडून बसली. पाणी खड्यांना हलवून परत ओढीत होते.

“हा आवाज आमच्याकडचा आहे,” ती म्हणाली. “पुन्हा आणाल का?”

“तारीख पडली की आणीन.”

“तुमच्या तारखा मला ठाऊक आहेत. घरात तरी माणसासारखं बोला.”

ती हसली होती, हे मी शपथेवर सांगू शकतो. पुढे तिचे दुखणे निघाले आणि ती उतरण तिच्या आवाक्याबाहेर गेली.

मूलबाळ नसल्याने तिची क्रिया मजकडेच आली. स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात, त्याला अश्मा म्हणतात. दहा दिवस त्या दगडावर तिळाचे पाणी घालावयाचे. गेलेल्याचा जीव तोवर त्यात राहतो, अशी आपली समजूत आहे. दहाव्याला त्यावर तेल घालून तो नदीत सोडला म्हणजे जीव मोकळा होतो. हे सोडणे नेहमीच्या घाटावर न करता त्या काठावर करावे, असा आग्रह मी धरला. तिला तेथे पुन्हा नेण्याचा दुसरा मार्ग माझ्यापाशी उरला नव्हता.

उतरताना गुरुजी कुरकुरले, “यजमान, आज माझाच दहावा उरकायचा बेत दिसतोय.”

“आपण बसून उतरावे.”

“बसूनच चाललोय. धोतराचं काय उरलं ते वर गेल्यावर देखेंगे.”

खाली पोहोचल्यावर मेहुणा पिंडाच्या भातासाठी चूल मांडू लागला. अश्मा माझ्या उपरण्यात बांधलेला होता. स्नानासाठी उपरणे सोडणे भाग होते, म्हणून मी तो समोर कोरड्या जागी ठेवला आणि पाण्यात बुडी मारली. वर येऊन पाहतो तो समोर सगळेच अश्मे. त्याच रंगाचे, त्याच आकाराचे, उन्हात तसेच पडलेले. तेल अद्याप लागलेले नव्हते. खूण कोणतीच नव्हती.

मी ओणवा होऊन एकेक दगड उचलू लागलो. तेवढ्यात मेहुण्याचा चेहरा उतरला. तो चुलीकडे पाहत होता.

“भाऊजी, हे तीन दगड मी इथलेच उचलले. त्यात तर...”

भात शिजत होता. भांडे उतरवून आम्ही तिन्ही दगड पाण्याने निववले आणि पाहिले. तिन्ही काळे झाले होते.

“ताईला मी चुलीत घातलं,” म्हणून तो मुलासारखा रडू लागला.

गुरुजींनी त्याला जवळ घेतले. “अरे, अश्मा संकल्पानं होतो. यजमान, कोणताही एक घ्या, नाव घ्या आणि सोडा.”

‘कोणताही’ हा शब्द मला मान्य नव्हता. तरी ऊन चढत होते. मी चुलीतला एक घेतला, कारण अश्मा त्यांत असलाच तर तिला आगीत ठेवून जाणे शक्य नव्हते. तिघांनी तेल घातले. मी पाण्यात जाऊन तो सोडला. पिंडाला कावळा लागलीच शिवला. “सुटली माझी ताई,” म्हणत मेहुण्याने डोळे पुसले. उभयता साक्षीदारांच्या मते प्रकरण तेथेच निकालात निघाले.

मला तो निकाल कबूल नाही. मी तेव्हापासून वारंवार तेथे जातो, खडे हातात घेतो, वजन पाहतो, पुन्हा ठेवतो. कोणत्यावर तिळाचे पाणी घालावे हे कळत नाही, म्हणून ओंजळीतले पाणी सगळ्यांवर शिंपडतो.

सबब तुझ्याचकडे अर्ज करतो की, सोडला तो दगड तुझा होता किंवा कसे, एवढाच खुलासा व्हावा. होता असल्यास मला येण्यास मनाई करावी. नसल्यास तू अद्याप तेथेच आहेस असे धरून मी येत राहीन. मात्र गुडघे आता त्या उतरणीस नकार देऊ लागले आहेत. तरी उत्तर त्याआधी मिळावे, ही विनंती.