मुखियाची बहीण

आमच्या गावात कुणाला ताप आला की आधी लुपेलेलेला कळतं, मग त्याच्या आईला, असं लोक चेष्टेने म्हणतात. ती आरोग्य खात्यात साथींवर नजर ठेवते. म्हणजे बाई दिवसभर बसमध्ये, शाळेत, दुकानात गप्पा हाणत फिरते आणि कोण दिसत नाही ते हेरते. भोचक म्हणा हवं तर. मला ती आवडते.

त्या ऑक्टोबरात शेजारच्या बेटावर गोवराची साथ होती आणि आमचा पांढरा रविवार तोंडावर आला होता. त्या दिवशी पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये वचनं म्हणतात. तान्ह्या बाळांसकट सगळा गाव आत दाटीवाटीने बसतो. पाद्रीबाई पोरांकडून घोकून घेत होत्या; एकाचीही गैरहजेरी खपवून घेत नव्हत्या.

शुक्रवारी लुपेलेले भावाकडे आली. भाऊ फुइआवा म्हणजे गावचा मुखिया. त्याची नात, माझ्या जावेची लेक फेतू, अंगभर हळद-खोबरेल फासून पिवळीधमक बसली होती. मी त्याची सून, बाजूला चटई विणत होते.

"उष्णता झालीय तिला," फुइआवा घाईने म्हणाला.

लुपेलेलेने ओल्या फडक्याने पोरीच्या कानामागची हळद पुसली. खाली लालभडक पुरळ.

"ही उष्णता होय रे?"

"लुपे, पोरीने किती दिवस वचन पाठ केलंय! एवढा रविवार जाऊ दे, मग काय तो गोवर लिही."

"तान्ह्यांना अजून लस नाही. एखादं दगावलं तर कुठे तोंड लपवशील?"

"या गावचा मुखिया मी आहे."

"आणि तुझी बहीण मी आहे. चर्च बंद ठेवायचं. आणि ते तू सांगायचंस."

माझे हात थांबले. आमच्याकडे भाऊ कुणाचंही ऐकणार नाही, पण बहिणीचा शब्द मोडत नाही. तिचा तळतळाट पिढ्यांना भोवतो म्हणतात. लुपेलेलेने उभ्या जन्मात हा हक्क वापरला नव्हता. सणाला डुकराचा चांगला वाटासुद्धा कधी मागितला नव्हता.

फुइआवाने फेतूकडे पाहिलं. मला त्याची दया आली. मग त्याने उठून गाव गोळा करायचा शंख स्वतः फुंकला.

पोरांना घरी ठेवून मोठी माणसं मैदानात जमली.

"माझ्या घरात गोवर आहे," तो म्हणाला. "मी लपवला होता. रविवारी चर्च बंद."

पाद्रीबाई सगळ्यांत पुढे होत्या. आता या भडकणार, असं मला वाटलं.

"आमच्या धाकट्यालाही," त्या खाली बघत म्हणाल्या. "परवापासून."

आणि मागून आणखी दोन आयांनी हात वर केले.