पांढऱ्या पेशी आणि तांबडा रस्सा

मामांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्यात, असं डॉक्टर म्हणाले आणि त्या दिवसापासून हातकणंगल्याच्या घरात पांढरा रस्सा बंद झाला. पांढऱ्यात आणखी पांढरं घालणं म्हणजे आगीत तेल, असा मामीचा हिशोब. दूध, दही, भात, मुळा, सगळं गेलं. दावणीला म्हशी असलेला माणूस कोरा चहा पिऊ लागला. तांबडा रस्सा मात्र सकाळ-संध्याकाळ. बघायला आलेल्या एका पावण्यांना तर मामीनं पांढरा सदरा बघून उंबऱ्यातच थांबवलं आणि मामांचा चौकटीचा शर्ट घालायला लावला.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत याच रोगावर, ल्युकेमियावर, काम करत होते. फोनवर हे सगळं ऐकून हसत होते. पण कोल्हापूरच्या दवाखान्यात इंजेक्शनांची पहिली फेरी झाली, पेशी उतरल्या आणि श्रेय गेलं रश्श्याला. मामांनी जाहीर केलं, आता सुया बास. दुसरी फेरी चुकली तर रोग उलटून माणूस हातचा जाणार, हे मला ठाऊक होतं. माझं हसू पळालं. रजा टाकून मी धावले.

"मामा, पेशी हाडातल्या मज्जेत जन्मतात. मायक्रोआरएनए नावाचे बारीकसे रेणू त्यांचा पोरकटपणा थांबवतात, मग त्या मोठ्या होऊन कामाला लागतात. तुमच्यात तेच कमी पडलेत. पेशी कोवळ्याच राहून नुसती गर्दी करतायत."

तरुणपणी कुस्त्या मारलेले मामा विचारात पडले. "म्हंजी तालमीत खुराक खाऊन लोळणारी, पन आखाड्यात न उतरणारी पोरं!"

"तसंच."

"मग त्येनला दम देणारा वस्ताद तुझ्याकडंच हाय की. बाटलीत घालून आणायचा!"

"ते अजून उंदरांवरच चाललंय, मामा."

"उंदरांस्नी बी सुया टोचता?"

"हो."

"बरं झालं का कोन?"

"काही झाले."

मामा ताडकन उठून बसले. "एवढीशी जनावरं सुया सोसत्यात, आन् मी पैलवान गडी हितं रस्सा वरपत बसलोय? गाडी बोलवा!"

तासाभरात गाडी दारात आली. चढता चढता मामा थबकले आणि मामीला म्हणाले, "अगं, एक नारळ फोड. त्या बऱ्या झालेल्या उंदरांच्या नावानं."

मामीनं खरोखरच चाकापाशी नारळ फोडला. "त्येनला औक्ष दे गं आई," म्हणत तिनं डोळे मिटले आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

बऱ्या झालेल्या उंदरांनाही आम्ही शेवटी मारतो आणि त्यांची मज्जा काढून तपासतो. मामा शेजारी खुशीत बसले होते. गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला लागली, तरी खोबऱ्याचा तुकडा माझ्या मुठीत तसाच होता.