कोपऱ्यातला क्रमांक

एमआरआयच्या खोलीतल्या ताईंना सगळं हॉस्पिटल टरकून असायचं. बावीस वर्षं त्या ते यंत्र चालवत होत्या. कोविड त्यांनाही झाला होता, पण चार दिवस ताप काढून पाचव्या दिवशी बाई कामावर हजर! त्यामुळे वर्ष उलटलं तरी 'डोकं चालत नाही' म्हणणाऱ्यांचा त्यांना रागच यायचा. त्यांची धाकटी बहीण त्यातलीच. शिवणकामात जिचा हात कुणी धरू शकत नसे ती, आता बाह्या उलट्या जोडत होती.

"काम नको म्हणून ही थेरं," ताई तोंडावर म्हणाल्या. बहिणीने बोलणंच टाकलं.

पुढे हॉस्पिटलात अशा रुग्णांच्या मेंदूंची पाहणी सुरू झाली. तुलनेसाठी ठणठणीत माणसं हवी होती. ताईंनी मोठ्या तोऱ्यात नाव दिलं. स्कॅन झालं, शब्द लक्षात ठेवण्याची चाचणीही झाली.

आठवड्याने पाहणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावलं. पडद्यावर एक मेंदू होता.

"कपाळामागे रक्त कमी पोहोचतंय," ताई सवयीने म्हणाल्या. "कुठला रुग्ण?"

"ताई, कोपऱ्यातला क्रमांक वाचा."

क्रमांक त्यांचाच होता. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"यंत्र बिघडलंय. परत काढा!"

परत काढलं. तसंच आलं.

"नुसत्या चित्रावरून मी बोलले नसते," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "पण पंधरा शब्द दिले होते, तुम्हाला चार आठवले."

ताईंना वाटलं होतं, सगळे आठवले.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो दचकलासुद्धा नाही.

"दीड वर्ष झालं. गॅस मी बंद करतो. दोनदा तू घरचा रस्ता चुकलीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला सांगणार कोण?"

दुसऱ्या दिवशी ताई बहिणीच्या दारात उभ्या राहिल्या. बहिणीने पाणी दिलं.

"माफ केलं असं समजू नकोस," ती म्हणाली. "पण बस."

तिचंही स्कॅन ताईंनी करवून घेतलं. ते स्वच्छ आलं. बहिणीचा चेहरा पडला. "म्हणजे मी खोटीच ना?"

"यंत्राला दिसलं नाही, एवढंच," ताई म्हणाल्या. "तुझ्या बाह्या मी पाहिल्यात."

आता ताई अर्धा दिवसच काम करतात. एका वेळी एकच काम हातात घ्यायचं, ही शिस्त त्यांना बहिणीने लावली. शिस्त मोडली की बहीण चांगली खडसावते, आणि ताई मुकाट ऐकून घेतात.