फेसाची शिंगं

तुर्भ्याच्या एका दुकानातून मी घरी शाम्पू करायचं सामान आणते. तिथे फारसं बोलावं लागत नाही, म्हणून ते दुकान मला आवडतं.

एकदा तिथे बेलापूरजवळच्या दिवाळे गावची एक मावशी दिसली. नेहमीच्या फेस आणणाऱ्या द्रव्याने तिच्या नातीचं डोकं खाजायचं, म्हणून ती दुसरं शोधत होती. प्रत्येक नमुन्याचा थेंब ओल्या मनगटावर चोळायची आणि मनगट कानाशी नेऊन फेस विरतोय का ते ऐकायची.

न राहवून मी म्हटलं, "कोको ग्लुकोसाइड घ्या. सौम्य असतं. फेस जरा कमी येतो."

"फेस नाय त नात डोकं पुडं करल का? फेसाची शिंगा केल्याबिगर ती न्हात नाय."

"मग त्यात थोडं कोको बीटेन घाला. फेस टिकेल."

तिने दोन्ही थेंब एकत्र चोळले आणि कान लावला. मग चिमटीने मनगटावर फेसाचं एक शिंग काढलं. ते पडलं नाही.

"नंबर दे, बाय. डोकं खाजलं त तुलाच फोन करीन!"

मी सहसा कुणाला नंबर देत नाही. तिला दिला. नाव तिनेही विचारलं नाही, मीही नाही.

अजून तिचा फोन आलेला नाही. त्याचंच मला बरं वाटतं.